उताऱ्यावर उतारा

मराठींत 'उतारा' हा शब्द मोठा बहुरूपी आहे. शेतकऱ्याच्या घरीं उतारा म्हणजे सात-बाराचा. वैद्याच्या घरीं उतारा म्हणजे विषावरचा. आणि अमावास्येच्या रात्रीं लिंबू, भात व कुंकू ओवाळून तिवाट्यावर जो टाकतात, तोही उताराच. शाळेंत मात्र उतारा म्हणजे कोठल्या तरी लेखांतून कापून काढलेला पंधरावीस ओळींचा तुकडा आणि त्याच्याखालीं मांडलेले पांच प्रश्न. या चौथ्या जातीच्या उताऱ्याचें पीक हल्लीं आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत असें कांहीं तरारलें आहे कीं, हा विषावरचा उतारा आहे कीं तिवाट्यावरचा, हें एकदां नीट पाहून घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रकार असा आहे. वाचनाचें आकलन तपासणारे उतारे आतां आंतरजालावर फुकट मिळतात, आणि ढिगानें मिळतात. इंग्रजी माध्यमाच्या शाळांस अमेरिकेंतील 'रीडवर्क्स' व 'कॉमनलिट' या संस्थांचीं भांडारें खुलीं आहेत; पहिली २०१० सालची, दुसरी २०१४ सालची. तेथें इयत्तावार लावलेले लेख, प्रश्न व उत्तरें अशी सर्व सिद्धता असते. मराठी शाळांसाठीं केंद्र सरकारचें 'दीक्षा' हें व्यासपीठ २०१७ च्या सप्टेंबरांत सुरू झालें. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड मोबाईलनें टिपला कीं धड्यामागचा खजिना उघडतो. 'प्रथम बुक्स'चें 'स्टोरीवीव्हर' २०१५ पासून मराठींतही गोष्टी देत आहे. पुढें २०२० च्या मार्चांत शाळांस कुलुपें लागलीं, 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही मोहीम निघाली, आणि ज्या शिक्षकानें तोंवर मोबाईलवर लग्नपत्रिकेखेरीज कांहीं उघडलें नव्हतें, तोही रोज सकाळीं अभ्यासमाला पुढें ढकलूं लागला. यथावकाश कुलुपें निघालीं. ढकलण्याची संवय मात्र राहिली. आज आमच्याकडील अनेक शाळांत रात्रीं चार उतारे उतरवून घ्यावे, सकाळीं त्यांच्या झेरॉक्स काढाव्या, तिसऱ्या तासाला त्या वाटाव्या, चौथ्या तासाला तपासाव्या, आणि या सर्व व्यवहारास 'वाचनाचें अध्यापन' म्हणावें, अशी रीत पडून गेली आहे.

आमचें म्हणणें पहिल्यांदांच स्पष्ट करून टाकतों, म्हणजे पुढें गैरसमज नको. या साधनांच्या फुकटपणावर आमचा आक्षेप नाहीं. विद्या विकूं नये असें मानणाऱ्या परंपरेंत आम्ही वाढलों. तेव्हां जो कोणी चार चांगलीं पानें मोल न घेतां जगापुढें ठेवतो, त्याचे आम्ही आभारीच आहों. मोबाईल हातीं घेतला कीं मूल बिघडलें, असें म्हणणाऱ्या आमच्या समवयस्क मित्रांतही आम्हांस मोजूं नये. ज्या गृहस्थांस आंतरजालावरील फुकट उतारा खपत नाहीं, परंतु बाजारांतलें अडीचशें रुपयांचें गाईड मुलाच्या दप्तरांत खुशाल चालतें, त्यांची नीति आम्हांस कळलेली नाहीं. गाईडांतील उतारा आणि जालावरील उतारा यांत भेद एवढाच कीं, एक पैसे घेऊन विचार करूं देत नाहीं, दुसरा फुकट करूं देत नाहीं. आमचा आक्षेप आहे तो उताऱ्यालाच वाचन समजण्याच्या भ्रमावर.

हा भ्रम कसा आहे तें एका प्रयोगानें दाखवतों. तो वाचकांनीं घरच्या घरीं करून पाहावा. पुढील वाक्य वाचा: 'एका रुंबट झगोल्यानें सांजवेळीं तीन चिमठे भुडकले.' आतां प्रश्न. झगोला कसा होता? रुंबट. त्यानें किती चिमठे भुडकले? तीन. केव्हां भुडकले? सांजवेळीं. तिन्ही उत्तरें बिनचूक, तीनपैकीं तीन गुण. आणि झगोला म्हणजे काय, चिमठा खातात कीं पांघरतात, याचा उत्तर देणाऱ्यास पत्ता नाहीं, कारण तो आम्हांसही नाहीं. आम्हीं तीं अक्षरें नुसतीं जुळवलीं. मराठीची वाक्यरचना ज्याला तोंडपाठ आहे, त्याला शब्दाचा अर्थ न कळतां प्रश्नाचें उत्तर सांपडतें. शेंकडा ऐंशीं उतारे याच तऱ्हेनें सुटतात, असें आम्ही म्हटलें तर तो आंकडा आमच्या रागाचा समजावा, गणिताचा नव्हे. पण दहा उतारे घेऊन कोणीही पडताळा पाहावा.

हा नुसता तर्क नव्हे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या परिचयाच्या एका शाळेंत आम्हांस सहज वर्गावर बसण्याची संधि मिळाली. सातवीच्या मुलांपुढें जालावरून काढलेला एक इंग्रजी उतारा होता; विषय अमेरिकेंतील एका सणाच्या जेवणाचा. आईनें भट्टींत काय ठेवलें, या प्रश्नास एकूणएक मुलांनीं 'टर्की' असें अचूक उत्तर लिहिलें. बाईंचा चेहरा प्रसन्न झाला. आम्हीं पहिल्या बांकावरील एका चुणचुणीत मुलास विचारलें, "बाळ, टर्की म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "सर, देश आहे." आम्हीं विचारलें, "मग तो भट्टींत कसा मावला?" मुलगा क्षणभर थांबला आणि अत्यंत प्रामाणिकपणें म्हणाला, "तें प्रश्नांत नव्हतें, सर." वर्ग हंसला, आम्हीही हंसलों. परंतु घरीं येतांना तें हंसें आमच्या घशांत अडकलें. 'तें प्रश्नांत नव्हतें' या तीन शब्दांत आमच्या साऱ्या वाचनशिक्षणाचा निकाल त्या मुलानें लावून दाखवला होता.

या पद्धतीचे पुरस्कर्ते यावर काय म्हणतात, तें आतां क्रमानें पाहूं.

त्यांचें पहिलें म्हणणें असें कीं, आकलन हें एक कौशल्य आहे. पोहणें जसें कोणत्याही विहिरींत शिकावें, तसें आकलन कोणत्याही उताऱ्यावर शिकावें. विषय परका असला म्हणून काय बिघडलें? ही उपमा गोंडस आहे आणि चूक आहे. पाणी सर्व विहिरींत सारखें असतें. अर्थ सर्व उताऱ्यांत सारखा नसतो. १९८८ सालीं अमेरिकेंत डोना रेक्ट व लॉरेन लेस्ली या दोघींनीं सातवी-आठवीच्या चौसष्ट मुलांवर केलेला प्रयोग या बाबतींत डोळे उघडणारा आहे. मुलांस बेसबॉलच्या एका डावाचें वर्णन वाचावयास दिलें, आणि जें वाचलें तें मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर बाहुल्या हलवून दाखवावयास सांगितलें. मुलांत कांहीं वाचनांत हुषार होतीं, कांहीं कच्चीं. कांहींस खेळाची चांगली माहिती होती, कांहींस नव्हती. निष्पन्न काय झालें? वाचनांत कच्चीं पण खेळ जाणणारीं मुलें, वाचनांत हुषार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढें गेलीं. म्हणजे ज्याला आपण 'वाचनाचें कौशल्य' म्हणतों, तें बव्हंशीं त्या विषयाचें ज्ञानच असतें.

याहून जवळचें उदाहरण १९७९ सालचें आहे, आणि त्याच्या कर्त्यांत चित्रा जोग-देव हें नांव आढळतें. मार्गारेट स्टेफन्सन, चित्रा जोग-देव व रिचर्ड अँडरसन या तिघांनीं दोन पत्रें तयार केलीं, एकांत अमेरिकेंतील लग्नाचें वर्णन व दुसऱ्यांत हिंदुस्थानांतील. आणि तीं दोन्ही देशांच्या लोकांस वाचावयास दिलीं. ज्याला जें लग्न परिचित, त्यानें तें पत्र अधिक लौकर वाचलें व त्यांतलें अधिक लक्षांत ठेवलें. अमेरिकन वधू आजीचा पोषाख अंगावर घालते, हें तेथें कौतुकाचें. आपल्याकडील एका वाचकानें अर्थ लावला कीं, बिचारीचा पोषाख जुना व चालीबाहेरचा होता! तिकडच्या लोकांनीं आपल्याकडील हुंड्याची बोली वाचली आणि ती परस्परांस द्यावयाच्या भेटींची गोष्ट समजली. दोन्ही पक्षांचे लोक शिकले-सवरलेले होते, अक्षर एकही चुकलें नव्हतें. अर्थ मात्र ज्याच्या त्याच्या घरांतून आला. मग ज्या मुलानें पऱ्हाटी वेंचलेली पाहिली, सोयाबीनची गंजी पाहिली, आषाढीसाठीं शेगांवची पालखी पंढरीस निघालेली पाहिली, त्याला बर्फावरून घसरण्याच्या गाडीवरील उतारा देऊन 'तुझें आकलन पन्नास टक्के' असा दाखला देणें हें मोजमाप आहे कीं थट्टा?

कोणी म्हणेल, मुलानें जग जाणूं नये काय? अवश्य जाणावें. आमचा मुद्दा नेमका तोच आहे. बर्फाचा देश त्याला शिकवावयाचा तर आठ दिवस बर्फाचाच देश शिकवा. नकाशा काढा, गोष्ट वाचा, चित्र दाखवा, मग उतारा द्या. परंतु सोमवारीं पेंग्विन, मंगळवारीं एडिसन, बुधवारीं ज्वालामुखी व गुरुवारीं मधमाशी अशा तुकड्यांनीं ज्ञान सांचत नाहीं. तें बोहल्यावर उधळलेल्या अक्षतांसारखें सर्वत्र पडतें आणि कोणाच्याच पोटांत जात नाहीं.

दुसरें म्हणणें दयेचें आहे, म्हणून त्यास उत्तर देणें अवघड. म्हणतात, तुमच्या घरीं पुस्तकांचीं कपाटें आहेत. गरिबाच्या मुलास हे फुकट उतारे तरी मिळूं द्या. गरिबाच्या मुलाविषयीं आम्हांसही कळवळा आहे, म्हणूनच हें लिहीत आहों. 'असर' या देशव्यापी पाहणीच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणें ग्रामीण भागांतील सरकारी शाळांत पांचवीला असलेल्या मुलांपैकीं दुसरीचा मजकूर वाचूं शकणारीं मुलें शेंकडा ४४.८ होतीं, २०२२ सालीं तीं ३८.५ होतीं, म्हणजे स्थिति सुधारली तरी निम्म्याहून अधिक मुलें मागेंच आहेत. त्याच अहवालांत असेंही आहे कीं, चौदा ते सोळा वर्षांच्या सुमारें नव्वद टक्के मुलांच्या घरीं स्मार्टफोन आहे. आदल्या आठवड्यांत अभ्यासासाठीं तो वापरलेलीं मुलें शेंकडा ५७ आणि समाजमाध्यमांसाठीं वापरलेलीं ७६. म्हणजे दुष्काळ साधनांचा राहिलेला नाहीं. घरांत फोन आला, फोनांत भांडार आलें, भांडारांत उतारे आले. वाचन तेवढें आलें नाहीं. कारण साधनाच्या आणि मुलाच्या मध्यें जो एक मनुष्य बसावा लागतो, त्याची जागा आपण कागदाला देऊन मोकळे झालों.

आणि गरीब मूल म्हणजे कोणतें मूल? आमच्याच जिल्ह्याच्या उत्तर टोंकास, जळगांव जामोद तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं निहाली भाषा बोलणारे लोक राहतात. ही भाषा मराठीच्या कुळांतली नाहीं, कोरकूच्या नाहीं, द्राविडी नाहीं; पंडितांच्या मतें तिला जगांत सख्खें असें कोणी नाहीं. बोलणारे सुमारें दोन-अडीच हजार. त्या घरांतलें मूल पहिलींत येतें, तेव्हां मराठी हीच त्याची पहिली परकी भाषा असते. २०२१ सालीं सुरू झालेल्या 'निपुण भारत' मोहिमेनें तिसरीच्या मुलानें मिनिटास निदान साठ शब्द अर्थासह वाचावे असें ध्येय घातलें आहे. त्यांतील 'अर्थासह' हा शब्द फार मोलाचा आहे. पण घड्याळ शब्द मोजतें, अर्थ मोजत नाहीं, म्हणून प्रत्यक्षांत साठ तेवढे उरतात. निहाली मुलास शहरांतील बागेचा उतारा देऊन मिनिटें मोजणाऱ्यापेक्षां, 'तुमच्याकडे मोहाला काय म्हणतात?' असें विचारणारा गुरुजी त्याचें अधिक आकलन करून देईल. हा प्रश्न कोणत्याही भांडारांत तयार मिळत नाहीं.

तिसरें म्हणणें व्यवहाराचें आहे: परीक्षाच तशी आहे, त्यास आम्ही काय करणार? याचें उत्तर देतांना आम्हांस परीक्षा मंडळाची बाजू थोडी घ्यावी लागते. २०१८ सालीं दहावीचें मराठीचें नवें पुस्तक आलें, आणि पुढें प्रश्नपत्रिकेच्या जागीं 'कृतिपत्रिका' आली. हेतु चांगला होता. पाठ केलेलीं उत्तरें ओकण्याची चाल मोडावी, मुलानें समोरचा मजकूर वाचावा, चौकटी भराव्या, आकृतिबंध पूर्ण करावा, आणि शेवटीं 'स्वमत' म्हणून आपलें मत मांडावें, अशी ती योजना. परंतु आम्हां लोकांची बुद्धि अशी अजब कीं, घोकंपट्टी मोडावयास जें काढावें, त्याचीच घोकंपट्टी करून दाखवावी. आज बाजारांत तयार 'स्वमतें' मिळतात! स्वतःचें मत दुसऱ्यानें लिहिलेलें, छापलेलें, आणि मुलानें पाठ केलेलें. महाविद्यालयांत आमच्यापुढें जीं मुलें येतात, त्यांतील चांगले गुण मिळवून आलेल्यांस आम्ही 'तुला काय वाटतें?' असें विचारतों, तेव्हां तीं गोंधळून आमच्या तोंडाकडे पाहतात, जणूं आम्हीं अभ्यासक्रमाबाहेरचें विचारलें. यास्काच्या निरुक्तांत अर्थ न जाणतां वेद पढणाऱ्यास ओझें वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. त्या खांबावर निदान वेदाचें ओझें तरी होतें. आमच्या खांबांवर झेरॉक्सचें आहे.

चौथें म्हणणें शिक्षकांचें आहे, आणि तें आम्ही आदरानें ऐकतों. दोन शिक्षकांनीं चार-पांच वर्ग सांभाळावयाचे, त्यांत निवडणुकीचें काम, निरनिराळ्या याद्या, रोजची माहिती वरच्या कचेरीस पाठवण्याचा तगादा. अशा स्थितींत तयार उतारा व तयार उत्तरपत्रिका म्हणजे बुडत्याला काठी. खरें आहे. ज्या सरकारास शिक्षकाच्या हातून सर्व कामें हवींत आणि शिकवणें तेवढें उरल्या वेळांत चालतें, त्या सरकारास वाचनाबद्दल तक्रार करण्याचा अधिकार थोडा. परंतु मित्रहो, ही काठी नीट पाहा. उताऱ्याची तपासणी मुलाचें उत्तर चुकलें एवढें सांगते. कां चुकलें तें सांगत नाहीं. तें कळावयास मुलास जवळ बसवून 'तुला असें कां वाटलें?' इतकेंच विचारावें लागतें. चार उताऱ्यांच्या जागीं एकच उतारा घेतला, तर वेळ अधिक लागत नाहीं. फक्त नोंदवहींतील रकाना रिकामा दिसतो. आणि रिकाम्या रकान्याचें भय हें आजच्या शाळेंतलें सर्वांत मोठें भय आहे.

हा सारा वाद कांहीं वाचकांस पंतोजींच्या घरगुती भांडणासारखा वाटेल. त्यांच्यासाठीं एक हकीकत सांगतों. ती सांगण्याचा आम्हांस आनंद नाहीं. आमचा एक विद्यार्थी होता, बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाचा, वळणदार अक्षराचा, स्वच्छ वाणीचा. एका पावसाळ्यांत दोन दिवस मुसळधार पाऊस होऊन त्याच्या वडिलांचें सोयाबीन पाण्याखालीं गेलें. पिकाचा विमा काढलेला होता. विम्याच्या कागदावर, तेव्हांच्या नियमाप्रमाणें, नुकसान झाल्यापासून बहात्तर तासांच्या आंत कळवावें असें मराठींत स्पष्ट छापलें होतें. मुलानें तो कागद वडिलांस मोठ्यानें वाचून दाखवला. एकाही शब्दावर अडखळला नाहीं. परंतु 'विमाधारकानें सूचना देणें बंधनकारक राहील' या वाक्याचा अर्थ बापलेकांनीं असा घेतला कीं, सूचना वरून येईल आणि आपण वाट पाहावयाची. तलाठी येईल, पंचनामा होईल, म्हणून ते थांबले. सहाव्या दिवशीं तो कागद घेऊन मुलगा आमच्याकडे आला, तेव्हां बहात्तर तास केव्हांच संपले होते. तो म्हणाला, "सर, मीं तर नीट वाचलें होतें." आम्हीं त्याला काय सांगावें? त्यानें वाचलें होतेंच. बारा वर्षें शाळेंत व दोन वर्षें आमच्याकडे त्याला जें 'वाचणें' शिकवलें होतें, तें त्यानें तंतोतंत केलें होतें. सूचना कोणीं कोणास द्यावयाची, हा प्रश्न त्या कागदाखालीं छापलेला नव्हता. आणि न छापलेला प्रश्न स्वतःस विचारावयाचा असतो, हें त्याला कोणीं सांगितलें नव्हतें. आम्हींही नाहीं. त्या दिवसापासून आम्ही इतरांस दोष देतांना आपलें नांव आधीं घेतों.

ज्या जिल्ह्याचें नांव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या यादींत वर्षानुवर्षें येत आहे, त्या जिल्ह्यांत कर्जाचा करार, बाजारसमितीची पावती, न्यायालयाची नोटीस आणि औषधाच्या डब्यावरची सूचना समजणें ही वाङ्मयसेवा नव्हे. तो जीवनमरणाचा प्रश्न आहे. आकलन म्हणजे काय, याची व्याख्या आम्हांस याहून दुसरी करतां येत नाहीं: कागदानें न विचारलेला प्रश्न कागदास विचारणें.

असा प्रश्न विचारणारी एक बाई याच बुलढाण्यांत होऊन गेली. ताराबाई शिंदे यांचे वडील बापूजी हरि शिंदे हे येथील कचेरींत नोकरीस होते. मुलींच्या शिक्षणाची सोय नव्हती, म्हणून त्यांनीं मुलीस घरींच शिकवलें. १८८१ सालीं सुरतेंतील विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेवर बालहत्येचा खटला झाला, आणि त्यावरून वृत्तपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर कोरडे ओढले गेले. हजारों लोकांनीं तो मजकूर वाचला. ताराबाईंनीं तो वाचला आणि विचारलें कीं, जे दोष तुम्ही स्त्रियांस लावतां, ते पुरुषांत नाहींत काय? १८८२ सालीं त्यांची 'स्त्रीपुरुषतुलना' पुण्यास छापून निघाली. जोतीराव फुल्यांनीं तिची पाठराखण केली. पुढें ती विस्मृतींत गेली, ती १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं पुन्हां प्रकाशांत आणली. ज्या बाईस शाळा मिळाली नाहीं, उतारा मिळाला नाहीं, पांच प्रश्न मिळाले नाहींत, तिनें वृत्तपत्र, नाटकें व कादंबऱ्या अशा वाचल्या कीं लिहिणाऱ्यांस घाम फुटावा. आकलनाची परीक्षा म्हणतात ती ही! आणि आज बुलढाण्याच्या किती शाळांत हें पुस्तक मुलामुलींच्या हातांत पडतें?

हें पुस्तक आतां स्वामित्वहक्कांतून मुक्त आहे, हें येथें मुद्दाम सांगतों, कारण फुकट साधनांचा खरा उपयोग येथेंच सुरू होतो. आपल्याकडील कायद्याप्रमाणें लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं त्याचें लेखन सर्वांचें होतें. म्हणून मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे, जे २००० सालीं वारले, त्यांची कविता अजून फुकटांत यावयाची नाहीं. ती विकतच घ्यावी, आणि शाळेच्या ग्रंथालयानें घ्यावीच. परंतु एकोणिसाव्या शतकांतलें सारें मराठी गद्य खुलें आहे. मराठी विश्वकोशाचे खंड जालावर विनामूल्य आहेत, राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळाचीं कित्येक पुस्तकें आहेत, बालभारतीचीं आजचीं पाठ्यपुस्तकें आहेत. इतकी मोठी खाण पायाशीं असतां आम्ही परक्या गांवचे फोडलेले दगड उचलून आणतों, आणि त्यांस घर म्हणतों.

मग करावें काय? लोणारचेंच घ्या. हें सरोवर काळ्या बेसाल्टांतील सुमारें १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरांत आहे. पुष्कळ काळ तें ज्वालामुखीचें तोंड समजलें जाई. पुढें प्रचंड आघातावांचून बनत नाहींत असे पदार्थ तेथील खडकांत सांपडले, आणि तें अशनिपातानें झालें हें ठरलें. २०२० च्या जूनांत त्याचें पाणी एकाएकीं गुलाबी झालें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तपासून सांगितलें कीं, हा खाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा प्रताप आहे. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत सरोवरास रामसर स्थळाचा मान मिळाला. शिक्षकानें विश्वकोशांतील नोंद, त्या वेळच्या वृत्तपत्रांतील बातमी आणि गांवांतील वृद्धानें सांगितलेली लवणासुराची कथा अशीं तीन पानें मुलांपुढें ठेवावींत. तिन्ही फुकट आहेत. मग विचारावें: तिघे एकाच गोष्टीविषयीं बोलत आहेत काय? कोणाला काय माहीत होतें? बातमींत पहिल्या दिवशीं काय लिहिलें होतें व महिन्यानें काय? 'तज्ज्ञांच्या मतें' असें जेथें म्हटलें आहे, तेथें तज्ज्ञ कोण? हे प्रश्न मुलांनींच काढावे, आणि ज्याच्या प्रश्नाचें उत्तर कागदांत सांपडणार नाहीं त्यास अधिक गुण द्यावे. आठ दिवस हेंच चालूं द्या. नवव्या दिवशीं त्याच मुलापुढें परीक्षेचा उतारा टाका. तो त्यास भिणार नाहीं.

यासाठीं लागतें काय? नवें व्यासपीठ नको, नवें प्रशिक्षण नको, नवें परिपत्रक तर मुळींच नको. महिन्यास एक संपूर्ण पुस्तक किंवा संपूर्ण गोष्ट, तुकडा नव्हे. आठवड्यास एक विषय, पांच नव्हेत. आणि दर वाचनानंतर शिक्षकाच्या तोंडून एक प्रश्न, ज्याचें उत्तर त्यालाही आधीं ठाऊक नाहीं. घरच्या वडीलधाऱ्यांनींही यांत वांटा उचलावा. मुलाला गुण किती पडले हें विचारण्यापूर्वीं, घरीं आलेलें विजेचें बिल त्याच्या हातीं देऊन 'हा आकार कशाचा रे?' असें एकदां विचारून पाहावें. उत्तर आलें नाहीं तर रागावूं नये. बहुतेक वेळां तें आपल्यालाही येत नाहीं, आणि मग दोघांनीं मिळून शोधण्यांत जें वाचन घडतें, त्याच्या तोडीचें वाचन कोणत्याही भांडारांत नाहीं.

शेतकऱ्यास सात-बाराचा उतारा हवा असतो, कारण त्यावर त्याची जमीन असते. नांव कोणाचें, क्षेत्र किती, बोजा कोणाचा, हें तो चष्मा पुसून पुसून पाहतो, कारण एका अक्षरांत त्याचें सर्वस्व आहे. शाळेंतला उतारा मुलानें त्या डोळ्यांनीं वाचावा, एवढीच आमची मागणी आहे. तोंवर जो फुकट उतारा वर्गांत वांटला जातो, तो तिवाट्यावरचाच समजावा. तो टाकणारा मागें वळून पाहत नाहीं, आणि ओलांडणाऱ्यास त्याचा गुण येत नाहीं.